तारीख बरोबर आहे की नुसती बरोबर दिसते? ऑटोमेशन टेस्टमध्ये तारीख-वेळ कशी तपासता?

चादर_टेस्टर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ एका छोट्या ऑफिसात टेस्टिंगचं काम करतो. आमचं सॉफ्टवेअर टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांसाठी आहे. ऑर्डर, डिस्पॅच, चलन, पॅकिंग लिस्ट असं सगळं त्यात येतं. तीन वर्षं हाताने टेस्टिंग केलं, गेल्या वर्षापासून ऑटोमेशन, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्ट, लिहितोय.

दोन गोष्टींनी डोकं खाल्लंय.

पहिली अशी. एका कारखान्याची पॅकिंग लिस्ट अमेरिकेतल्या खरेदीदाराकडे गेली. त्यावर डिस्पॅचची तारीख होती ०५/०३. आपली ५ मार्च. त्यांनी ती ३ मे वाचली आणि कारखान्याच्या मालकांना फोन केला, माल दोन महिने उशिरा का निघणार म्हणून. मालकांनी आम्हाला फोन केला. मी टेस्ट उघडून बघितली तर हिरवीगार, म्हणजे पास. मी लिहिलेला रेजेक्स (अक्षरांचा साचा जुळवणारा नमुना) एवढंच बघत होता की दोन अंक, तिरकी रेघ, दोन अंक, तिरकी रेघ, चार अंक.

दुसरी अशी. 'चलनावर आजची तारीख येते का' ही टेस्ट दिवसभर माझ्या लॅपटॉपवर पास होते आणि रात्री दोनच्या बिल्डला (तेव्हा सर्व्हरवर सगळ्या टेस्ट आपोआप चालतात) पडते. तारीख एक दिवस मागची येते. सकाळी परत चालवली की पास. महिनाभर सगळे म्हणत होते की टेस्टच भुरटी आहे, काढून टाक. मला ती काढायची नाही.

तर विचारायचं हे. तारखेची स्ट्रिंग, म्हणजे छापला जाणारा मजकूर, तपासायला तुम्ही काय करता? रेजेक्स लावता, पार्स करून (मजकुरातून खरी तारीख काढून) बघता, की अख्खी स्ट्रिंग अक्षरन्‌अक्षर जुळवता? आणि टेस्टमध्ये घड्याळ थांबवून ठेवणं योग्य आहे का? मला ती फसवणूक वाटते, पण सगळीकडे तसंच सांगतात.

होटगीरोड

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. बिल्डचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत असणार. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. रात्री १२ ते पहाटे ५:३० आपल्याकडे नवी तारीख लागलेली असते, तिकडे कालचीच चालू असते. तुमची बिल्ड दोनला, म्हणजे बरोबर त्या साडेपाच तासांत. टेस्ट भुरटी नाही, खरं बोलायलीय. काढू नका.

कडक भाकरी

आम्ही पाच वर्षं रेजेक्सवरच चालवतोय, काही अडलं नाही. महिना ०१ ते १२, दिवस ०१ ते ३१ असा नीट रेजेक्स लिहायचा. नुसते अंक मोजले तर १३ वा महिनासुद्धा पास होणारच की. एपीआयचा (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून माहिती घ्यायची सोय) प्रतिसाद आला, त्यात 'नल' किंवा 'इनव्हॅलिड डेट' असं काही छापलं गेलं नाही ना, एवढं बघायला रेजेक्ससारखं जलद काही नाही.

शेंगाचटणी

वाचतोय. माझ्या कामाचा धागा आहे.

निळी शाई

चादर_टेस्टर, तुमच्या पॅकिंग लिस्टच्या प्रसंगात खरी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तारखेच्या स्ट्रिंगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक तिचा अर्थ, म्हणजे तो कुठला दिवस. दुसरं तिचं रूप, म्हणजे तो दिवस कसा लिहिलाय. रेजेक्स फक्त रूप बघतो. भाकरी म्हणतात तसा कडक रेजेक्स लिहिला तरी ३१/०२ त्यातून आरामात निघून जातं. पार्स केलं तर फक्त अर्थ कळतो आणि रूपातल्या चुका हातातून सुटतात. पायथनमध्ये स्ट्रपटाइम या पार्स करणाऱ्या फंक्शनला दिवस, महिना, वर्ष असा साचा द्या आणि ५/३/२०२४ अशी शून्य नसलेली तारीख टाका. तो काही कुरकुर न करता ती घेतो. तुमच्या चलनावर ०५/०३ हवं असेल आणि ५/३ छापलं जात असेल, तर पार्स करणारी टेस्ट तुम्हाला कधीच सांगणार नाही.

जावात तर आणखी गंमत. तिथला तारीख वाचणारा-लिहिणारा डेटटाइमफॉर्मॅटर मुळात 'स्मार्ट' पद्धतीने चालतो. ३१ फेब्रुवारी दिली की तो मुकाट्याने फेब्रुवारीचा शेवटचा दिवस धरतो. नकार हवा असेल तर त्याला 'स्ट्रिक्ट' सांगावं लागतं. आणि स्ट्रिक्ट केल्यावर वर्षासाठी छोटा वाय चार वेळा लिहून चालत नाही, छोटा यू चार वेळा लिहावा लागतो, कारण वाय हे 'शकाच्या आतलं वर्ष' आहे आणि स्ट्रिक्टमध्ये त्याला इसवी सन की इसवी सनपूर्व तेही सांगावं लागतं. यावर मी एक अख्खा दिवस घालवलाय.

मी स्वतः फेरी मारून बघते. स्ट्रिंग पार्स करायची, आलेली तारीख त्याच साच्यात पुन्हा लिहायची आणि मूळ स्ट्रिंगशी जुळवायची. अर्थ चुकीचा असेल तर पार्स होतानाच अडते, रूप चुकीचं असेल तर परतीच्या वाटेवर अडते. ५/३/२०२४ परत येताना ०५/०३/२०२४ होऊन येते आणि जुळत नाही.

कडक भाकरी

ताई, फेरी पटली. पण धागाकर्त्याचा मूळ प्रश्न तिने सुटत नाही. ०५/०३ ही दिवस-महिना साच्यात पार्स करा, परत लिहा, जुळतेच. महिना-दिवस साच्यात करा, तरीही जुळतेच. दोन्हीकडे पास.

निळी शाई

अगदी बरोबर पकडलंत. ते माझ्या लिहिण्यातून सुटलं. त्यासाठी टेस्टमधली तारीखच विचार करून निवडावी लागते. दिवस १२ च्या पुढचा हवा. २३ नोव्हेंबर घेतली आणि कुणी दिवस-महिन्याची अदलाबदल केली, तर २३ वा महिना कुठून आणणार? पण फक्त २३/११ घेतली तर शून्य लावलंय की नाही ते कळत नाही, म्हणून जोडीला ५ मार्चसारखी एक अंकी दिवस-महिन्याची तारीखही हवी. माझ्या टेस्टमध्ये या दोन्ही कायम असतात.

एक अजून. अपेक्षित स्ट्रिंग हाताने लिहा. कोडमधलाच फॉर्मॅटर वापरून टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर तयार केलं, तर दोघे मिळून चुकतात आणि टेस्ट हिरवी राहते. हे मी फार ठिकाणी बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्याने मेहनत केलेली असते.

जुनी वही

मी संगणकातला माणूस नाही. टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला ३१ वर्षं काढली, आता घरी असतो. हा धागा नातवाने दाखवला.

तुम्ही मुलं टेस्टबद्दल बोलताय, पण मला वाटतं चूक त्याच्याही आधी झाली. परदेशी जाणाऱ्या कागदावर आम्ही महिना आकड्यात लिहीतच नव्हतो. टाइपरायटर होता तेव्हापासूनचा नियम. ०५, मग महिन्याची तीन इंग्रजी अक्षरं, मग वर्ष. आमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की महिना अक्षरात लिहिला तर कुठल्याही देशातला माणूस चुकत नाही. देशातल्या चलनावर मात्र ०५/०३ चालायचं, कारण वाचणारा इचलकरंजीचा नाहीतर मालेगावचा.

दुसरं, रात्रपाळीचं. रात्री १२ नंतर विणलेला माल आम्ही आदल्या दिवसाच्या खात्यात धरायचो, कारण पाळी आदल्या दिवशी सुरू झालेली असायची. पण त्याच रात्री १ वाजता गाडी भरून निघाली तर चलनावर नवी तारीख. एकाच रात्रीचे दोन कागद, दोन तारखा, आणि दोन्ही बरोबर. तुमच्या सॉफ्टवेअरात हे कसं धरलंय ते जरूर बघा. नवीन कारकून यात हमखास गोंधळायचे.

चादर_टेस्टर

काका, मनापासून आभार. रात्रपाळीचं मी आत्ता उघडून बघितलं. आमच्याकडे उत्पादन अहवाल आणि चलन दोन्ही एकाच 'आजची तारीख' फंक्शनवर चालतात. म्हणजे रात्रपाळीचा माल आम्ही दुसऱ्याच दिवसात टाकतोय. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

होटगीरोड

काकांच्या नियमाला हजार वेळा अनुमोदन.

शेंगाचटणी

एक अडाणी प्रश्न. मग सगळीकडे तो आयएसओ का काय तो फॉरमॅट लावला तर झालं की नाही? वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. त्यात गोंधळच नाही.

निळी शाई

प्रश्न अजिबात अडाणी नाही. आयएसओ ८६०१ पहिल्यांदा १९८८ साली आला. इंटरनेटसाठी त्यातलाच आटोपशीर भाग २००२ साली आरएफसी ३३३९ म्हणून आला. यंत्राने यंत्राशी बोलायला तोच लावावा. मोठ्यातून लहानाकडे जात असल्यामुळे स्ट्रिंग म्हणून क्रम लावला तरी तारखा आपोआप क्रमाने येतात. पण चलनावर सही करणाऱ्या ड्रायव्हरला २०२४-०३-०५टी१४:१०:००+०५:३० दाखवून काय उपयोग? म्हणून टेस्ट लिहिण्याआधी विचारायचं की ही स्ट्रिंग वाचणार कोण. यंत्र वाचणार असेल तर एकच रूप, त्यात तसूभरही सवलत नाही. माणूस वाचणार असेल तर कुठला माणूस, ते विचारायचं.

आणि 'आयएसओ आहे' एवढं म्हणून काम संपत नाही. त्यात परवानगी असलेली रूपं पुष्कळ आहेत. डॅश न घालता सलग लिहिलेली तारीख, आठवड्याच्या क्रमांकाने लिहिलेली तारीख, सेकंद गाळलेली वेळ, सगळी बसतात. समोरच्याशी ठरवताना नेमकं कुठलं रूप ते लिहून घ्या. सेकंदानंतर किती अंक, शेवटी झेड (म्हणजे यूटीसी) की +०५:३० (यूटीसीपासूनचा फरक, म्हणजे ऑफसेट), इथपर्यंत.

होटगीरोड

त्या +०५:३० वरून. आमच्याकडे एक बग तीन दिवस सापडत नव्हता. रिपोर्टची तारीख यूआरएलमधून जात होती. यूआरएलच्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अधिकचं चिन्ह तसंच टाकलं की सर्व्हर त्याला मोकळी जागा समजतो. मग 'टी१०:००:०० ०५:३०' असं काहीतरी पोचायचं. लंडनच्या टीमच्या टेस्ट सगळ्या झेड लावलेल्या, त्यांना कधीच दिसलं नाही. अधिकचं चिन्ह एन्कोड करून, म्हणजे सांकेतिक रूपात, पाठवायचं, आणि टेस्टमध्ये निदान एक तरी तारीख +०५:३० ची ठेवायची.

तसंच लोकांच्या कोडमध्ये ऑफसेट म्हणजे पूर्ण तास अशी समजूत लै दिसते. आपला अर्धा तास त्यांना उघडा पाडतो. नेपाळचा तर +०५:४५ आहे, तोही टेस्टमध्ये टाकून ठेवा.

कडक भाकरी

होटगीरोड, हे लिहिलंत ते बरं केलं, आमच्याकडे उद्याच बघतो. जेसन स्कीमा (माहितीचा आराखडा तपासायचे नियम) वापरणाऱ्यांना एक सांगतो. तिथे 'फॉरमॅट: डेट-टाइम' लिहिलं म्हणजे तपासणी झाली असं धरू नका. बरेच व्हॅलिडेटर (तपासणारी साधनं) ती नुसती नोंद समजतात, तपासत नाहीत. एजेव्ही या व्हॅलिडेटरमध्ये फॉरमॅटचं प्लगइन वेगळं जोडावं लागतं. मी मुद्दाम तारखेच्या जागी 'शेंगा' लिहून पाठवलं तेव्हा कळलं. पास झालं.

शेंगाचटणी

माझं नाव कुणीतरी घेतलं वाटतं.

विंडोसीट

मी मूळ सोलापूरचा, आता पुण्यात. दर शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसने घरी येतो, हा प्रतिसाद गाडीतून लिहितोय.

अख्खी स्ट्रिंग अक्षरन्‌अक्षर जुळवणाऱ्यांसाठी एक अनुभव. २०२३ मध्ये आम्ही जावा २० वर गेलो आणि एका रात्रीत वेळेच्या ढीगभर टेस्ट पडल्या. अपेक्षित '११:०५ पीएम', मिळालं '११:०५ पीएम'. डोळ्यांना दोन्ही सारखेच. दोन जण अर्धा दिवस स्क्रीनकडे बघत बसले. शेवटी एकाने प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापला. पीएमच्या आधीची मोकळी जागा बदलली होती. भाषा-प्रदेशांची माहिती ज्या सीएलडीआर संचातून येते, त्याच्या ४२ व्या आवृत्तीत अमेरिकी इंग्रजीसाठी तिथे साध्या स्पेसऐवजी अरुंद, न तुटणारी स्पेस टाकली. तिचा क्रमांक यू+२०२एफ. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड २० मध्येही तीच आली.

तेव्हा आमच्यात वाद झाला. काही म्हणाले तुलना करण्याआधी सगळ्या जातीच्या स्पेस साध्या करून घ्या. मी विरोध केला, कारण ती वेळ एका सीएसव्ही फाइलमध्ये जात होती आणि ती फाइल वाचणारं दुसरं सॉफ्टवेअर त्याच स्पेसवर अडखळत होतं. टेस्टने खरी गोष्ट सांगितली होती. शेवटी असं केलं की स्क्रीनवर दिसणाऱ्या वेळेसाठी स्पेस साध्या करून तुलना, आणि फाइलमध्ये जाणाऱ्या वेळेसाठी लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) अवलंबून असलेला फॉर्मॅटरच काढून टाकला, साचा स्वतः लिहिला.

सातरस्ता

लोकेलचा विषय निघालाच आहे तर मराठीचं सांगायलाच हवं, कारण हे आपल्यालाच भोगावं लागतं.

मी फ्रंटएंड, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग, करते. जावास्क्रिप्टमध्ये तारीख 'एमआर-आयएन' लोकेलने छापली की अंक देवनागरी येतात. हिंदीत तसं होत नाही, तिथे मुळात इंग्रजी अंक येतात. आम्ही मराठी स्क्रीन सुरू केली तेव्हा सगळ्या तारखांचे रेजेक्स पडले. कारण रेजेक्समधला बॅकस्लॅश-डी जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतो. जावातही मुळात तसंच. पायथन ३ मध्ये मात्र तोच बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकही घेतो. सी शार्पमध्येही घेतो. त्यामुळे आमच्या पायथनच्या एपीआय टेस्ट पास आणि ब्राउझरच्या टेस्ट नापास, आणि दोन्ही टीम एकमेकींना विचारत बसल्या की तुमचं चालतं मग आमचं का नाही.

यातला धोका उलट बाजूने आहे. एपीआयमध्ये चुकून देवनागरी अंक गेले तर पायथनची टेस्ट ते पकडणारच नाही. तिथे बॅकस्लॅश-डी न लिहिता शून्य ते नऊ असा कंस स्पष्ट लिहा. पायथनमध्येच अजून एक, शेवट दाखवायला डॉलरचं चिन्ह लावलं तर स्ट्रिंगच्या शेवटी नवी ओळ असली तरी जुळतं. अख्खी स्ट्रिंग जुळवणारं फुलमॅच वापरा.

स्क्रीनवर मराठी अंक हवेत यावर मी ठाम आहे. कारखान्यातल्या आमच्या बऱ्याच वापरणाऱ्यांनी सांगितलं की पहिल्यांदा आपल्या अंकात तारीख दिसली. टेस्ट सोपी व्हावी म्हणून ते काढायला लावू नका कुणी.

पार्कचौक

सातरस्ता, शेवटच्या परिच्छेदासाठी धन्यवाद.

थोडं विषयांतर करतो. +०५:३० हे आपण पिढ्यान्‌पिढ्यांचं धरतो, पण तसं नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला लागू झाली. मुंबईने मात्र स्वतःची वेळ सोडली नाही. ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, अशी मुंबईची वेळ १९५५ पर्यंत शहरात चालत होती. आपलं सोलापूर ७५.९ पूर्व रेखांशावर. प्रमाणवेळ ८२.५ वरची. म्हणजे आपल्या डोक्यावर सूर्य सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी येतो.

कडक भाकरी

छान माहिती, पण याचा टेस्टशी संबंध काय बे?

पार्कचौक

आहे की. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, सगळ्या भारताची घड्याळं एक तास पुढे होती. म्हणजे +०६:३०. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये 'एशिया/कोलकाता' खाली हे नोंदलेलं आहे. मी निवृत्तिवेतनाच्या एका सॉफ्टवेअरवर काम केलंय. १० जून १९४३ ही जन्मतारीख घ्या. सॉफ्टवेअर ती मध्यरात्रीची वेळ धरून यूटीसीत साठवतं. डेटाबेस प्रामाणिकपणे साडेसहा तास वजा करतो, ९ जूनचे १७:३० होतात. आता दाखवताना कुणीतरी सरसकट साडेपाच तास मिळवले तर ९ जूनचे रात्रीचे ११. आजोबांची जन्मतारीख एक दिवस मागे. कागदपत्रं जुळत नाहीत, अर्ज परत. ८० च्या वर वय असलेली माणसं खेटे घालत होती आणि आम्हाला कारणच सापडत नव्हतं.

जन्मतारीख ही वेळ नाही, नुसती तारीख आहे. तिला टाइमझोन चिकटवूच नये. आणि टेस्टमध्ये १९४३ मधली एक जन्मतारीख ठेवावी.

कडक भाकरी

मागे घेतो. हा संबंध मला माहीत नव्हता.

निळी शाई

पार्कचौक, हे अमूल्य आहे. जावास्क्रिप्टमध्ये याचंच रोजचं रूप दिसतं. नुसती २०२४-०३-०५ दिली तर ती यूटीसी धरली जाते, पण पुढे टी००:०० जोडलं की स्थानिक वेळ धरली जाते. एकच तारीख, दोन अर्थ. अमेरिकेतल्या ब्राउझरमध्ये पहिली एक दिवस मागे दिसते, आपल्याकडे दोन्ही ५ मार्चच दिसतात. म्हणून सोलापुरात बसून हा बग कधी दिसतच नाही.

हिप्परगा

घड्याळ थांबवण्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. धागाकर्त्याला ती फसवणूक वाटते, ते मी समजू शकतो. मलाही वाटायचं. पण आपण चलनावर तारीख बरोबर छापली जाते का ते तपासतोय, घड्याळ नीट चालतं का ते नाही. घड्याळ थांबवायच्या सोयी आहेत: जावात क्लॉक डॉट फिक्स्ड, पायथनमध्ये फ्रीझगन, जेस्टमध्ये सेट-सिस्टिम-टाइम. घड्याळ थांबवलं की तुम्ही मुद्दाम अडचणीच्या वेळी उभे राहू शकता. रात्रीचे १२:२०, दुपारचे १२:२०, पहाटे ५:२९ आणि ५:३१, २९ फेब्रुवारी. मालवाहतुकीच्या ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस आणि तो दिवस मध्यरात्री संपतो, मग ११:५९ आणि १२:०० दोन्ही तपासा. खऱ्या घड्याळाने हे तपासायला तुम्हाला रात्रभर जागावं लागेल.

आणि ३० डिसेंबर २०२४ ही तारीख आवर्जून ठेवा. जावात वर्षासाठी छोट्या वायऐवजी मोठा वाय लिहिला गेला की ते 'आठवड्याचं वर्ष' होतं. ३० डिसेंबर २०२४ सोमवार, तो आठवडा २०२५ चा पहिला. छापलं जातं ३०/१२/२०२५. वर्षभर कुणाला दिसत नाही, आणि नेमकं सुट्टीत सगळे घरी असताना दिसतं.

पण ब्राउझरमधून अख्खी सिस्टिम चालवणाऱ्या टेस्टमध्ये सर्व्हरचं घड्याळ थांबवता येत नाही. तिथे मी अख्खी स्ट्रिंग जुळवत नाही. बटण दाबण्याआधीची वेळ टिपतो, नंतरची टिपतो, आणि स्क्रीनवरची वेळ त्या दोघांच्या मध्ये आहे का बघतो. स्क्रीनवर सेकंद नसतील तर आधीची वेळ मिनिटापर्यंत खाली उतरवून घ्यावी लागते, नाहीतर १०:०५:४० ला दाबलं आणि १०:०५ छापलं की 'आधीची आहे' म्हणून टेस्ट पडते.

निळी शाई

इथे माझं थोडं वेगळं मत आहे, हिप्परगा. ब्राउझरच्या टेस्टमध्ये रूप तपासूच नये असं मला वाटतं. फॉरमॅट एकाच ठिकाणी ठरतो, तिथे युनिट टेस्टमध्ये (कोडचा एकच तुकडा तपासणाऱ्या टेस्टमध्ये) २० तारखा घालून तो पिंजून काढा. वर फक्त योग्य दिवस दिसतो का एवढं बघा. नाहीतर फॉरमॅट बदलला की ५० टेस्ट दुरुस्त करत बसावं लागतं.

हिप्परगा

ताई, फॉरमॅट एकाच ठिकाणी ठरतो हे तुमच्याकडे खरं असेल. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथे पीडीएफचा फॉर्मॅटर वेगळा, ईमेलचा वेगळा, स्क्रीनचा वेगळा होता. आणि धागाकर्ता टेस्टर आहे, कोडला हात लावायची मुभा त्याला असेलच असं नाही. ज्याच्या हातात फक्त स्क्रीन आणि पीडीएफ आहे, त्याने तिथेच बघायचं. खरेदीदाराच्या हातात शेवटी पीडीएफच जाते.

निळी शाई

पीडीएफचा मुद्दा मान्य. प्रत्येक वेगळ्या कागदासाठी एक तरी टेस्ट शेवटपर्यंत, अक्षरन्‌अक्षर. पन्नास नकोत, यावर आपण दोघं भांडणार नाही.

जुनी वही

नातू विचारतोय की मकर संक्रांत १४ ला की १५ ला, हे तुमचं टेस्ट सांगेल का? गड्ड्याच्या जत्रेला येणाऱ्या पाहुण्यांना कळवायचंय.

होटगीरोड

काका, त्याला पंचांगच लागेल, आमच्या टेस्टचं तिथे काम नाही. पाहुणे आले की आमच्याकडेही पाठवा.

चादर_टेस्टर

मंडळी, दहा दिवसांनी परत आलोय. काय काय केलं ते सांगतो.

बिल्डच्या सर्व्हरचा टाइमझोन बदलून एशिया/कोलकाता करावा, म्हणजे रात्रीची टेस्ट पास होईल, असं आमच्या ऑफिसात सुचवलं गेलं. मी नको म्हणालो. ग्राहकाचा सर्व्हरही यूटीसीवरच चालतो हे तपासून आलो होतो. म्हणजे रात्री १२ ते ५:३० मध्ये निघालेल्या प्रत्येक गाडीच्या चलनावर खरोखरच आदल्या दिवसाची तारीख छापली जात होती. जुनी चलनं काढून बघितली तर तशी निघालीसुद्धा. टेस्ट महिनाभर तेच सांगत होती. आता कोडमध्ये टाइमझोन स्पष्ट लिहिलाय आणि तीच टेस्ट सर्व्हर यूटीसीवर ठेवून एकदा, कोलकातावर ठेवून एकदा, आणि होटगीरोडच्या सांगण्यावरून काठमांडूवर ठेवून एकदा चालते.

काकांचा नियम लागू केला. परदेशी पॅकिंग लिस्टवर महिना अक्षरात. पीडीएफमधला मजकूर काढून ०५ मार्च आणि २३ नोव्हेंबर, दोन्हींची स्ट्रिंग मी हाताने लिहिलेल्या स्ट्रिंगशी जुळवतो. मालकांना नमुना दाखवला तर म्हणाले, आमचे वडील असंच लिहायचे.

रात्रपाळीसाठी 'पाळीची तारीख' आणि 'चलनाची तारीख' अशी दोन फंक्शन वेगळी झाली. त्याच्या टेस्ट थांबवलेल्या घड्याळावर लिहिल्या. रात्री १ ची वेळ लावून एकाच टेस्टमध्ये दोन वेगळ्या तारखा अपेक्षित लिहिताना हात थबकला होता, पण काकांचा प्रतिसाद समोर उघडा होता.

मराठी अंकांचं अजून बाकी आहे. सातरस्ता, स्क्रीनवर मराठी अंक ठेवून एक्सेलमध्ये मात्र इंग्रजी अंक पाठवायचे असतील तर तुम्ही कुठे वळवता?

सातरस्ता

एक्सेलला स्ट्रिंग पाठवूच नका, खरी तारीख म्हणून सेल भरा, रूप सेलच्या फॉरमॅटवर सोडा. आणि सीएसव्ही असेल तर लोकेलच्या नावातच अंकपद्धत सांगता येते. 'एमआर-आयएन' पुढे 'यू-एनयू-लॅटन' जोडायचं. मराठी महिना राहतो, अंक इंग्रजी येतात. टेस्ट लिहिलीत की इथे टाका, मलाही हवी आहे.

चादर_टेस्टर

आज रात्रीच्या बिल्डला लावतोय. दोन वाजता बघतो आणि सकाळी इथे टाकतो.